रेग्झिनच्या यानाची वाटणी

मी, या कागदाखाली डाव्या हाताचा अंगठा उमटवणारी, धंदा सोफ्याची कव्हरे शिवणे, असे जाहीर करते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे. या वयात मी चेहऱ्याला चंदेरी रंग फासून सिनेमात काम केले, तेव्हापासून माझ्या मुलाला मात्र शंका आहे. मला लिहिता-वाचता येत नाही. मी सांगते आणि वकीलसाहेब लिहितात. माझे बोलणे सुधारायचे नाही, अशी त्यांना ताकीद आहे. कोणी दबाव आणलेला नाही, आणून दाखवावा. हे माझे पहिलेच मृत्युपत्र. यापूर्वी मी फक्त धमक्या दिल्या होत्या.

कलम १. राहते घर, म्हणजे पुढच्या खोल्या, स्वयंपाकघर व गच्ची, मुलाला द्यावे. मी आणि यजमानांनी लोकांच्या सोफ्यांना कापड चढवून चढवून ते बांधले. मुलाचे फरश्यांचे दुकान आहे, म्हणून त्याने दिसेल त्या भिंतीला फरशी लावली. जेवायला बसले की दवाखान्यात नंबर लावल्यासारखे वाटते. तरी घर त्याचेच.

कलम २. बँकेतली सगळी शिल्लक सुनेला. शूटिंगच्या दिवसांत ती नवऱ्याला 'माहेरी जाते' असे सांगून मागच्या खोलीत दिवे धरत होती. नवऱ्याला हे आजच कळते आहे. त्याने चेहरा नीट करावा, पुढे लिहायचे आहे.

कलम ३. माझी मोठी कात्री शेजारच्या सुताराला. वास्तविक त्याला काही देऊ नये. आमचे यान निवांत अंतराळातून चालले असताना त्याने ड्रिल लावले आणि तो आवाज सिनेमात तसाच राहिला. लोक विचारतात, इंजिनाचा आवाज इतका खरा कुठून आणलात? तेव्हापासून तो 'संगीत माझं' म्हणून सांगत फिरतो. त्याने कात्री घ्यावी आणि गप्प बसावे.

कलम ४. आता ज्यासाठी हा खटाटोप, ती मागची खोली. तिथे माझे कारखान्यासारखे काम चाले. आज तिथे माझ्या नातीचे, म्हणजे याच मुलाच्या मुलीचे, यान उभे आहे. सांगाडा मोडक्या सोफ्यांचा, आत फोम, वरून चंदेरी रेग्झिन. टाके माझे. मुलाला ती खोली फरश्यांच्या गोदामासाठी हवी आहे. मी हे सांगत असताना त्याने बोलावलेला भंगारवाल्याचा टेम्पो दाराशी उभा आहे.

नातीने काढलेल्या या सिनेमात दोष आहेत, हे मीच सांगते. अख्खे अंतराळ आमच्या जिन्यात उरकले आहे. नायकाला दाराच्या अलीकडे दाढी आहे, पलीकडे नाही. मधला भाग इतका लांबला आहे की परग्रहाची सम्राज्ञी असून मी स्वतः थिएटरात पेंगले. लहान यान म्हणजे एकमेकींवर चिकटवलेल्या दोन ताटल्या, आणि त्यांचा दोरा शेवटच्या रांगेतूनही दिसतो.

माझे संवाद मला वाचता येत नव्हते, म्हणून नात सिंहासनामागे लपून एकेक वाक्य कुजबुजत होती. एकदा मला ऐकूच येईना. मी मागे वळून ओरडले, "अगं, मोठ्याने बोल की मेले! पृथ्वी ठेवायची का उडवायची?" कॅमेरा भाड्याचा, संध्याकाळी परत करायचा होता. पुन्हा शूटिंग करायला वेळ नव्हता. ते तसेच राहिले. थिएटरात त्या वाक्याला असा हशा झाला की पुढची लढाई कोणाला ऐकूच आली नाही.

मोठ्या सिनेमातले यान कोसळते तेव्हा लोक खात बसतात. आमचे कोसळू लागले तेव्हा पहिल्या रांगेतली एक बाई दोन्ही हात पसरून उठली, झेलायला. असा प्रेक्षक पैसे टाकून मिळत नाही.

मुलगा म्हणतो, तो मध्यंतरातच उठून गेला होता. सबब ही खोली, यान व माझे शिलाई मशीन नातीला दिले असून ते हलवण्याचा कोणालाही हक्क नाही.

येथे मुलाने हरकत घेतली. वकीलसाहेब, तीही लिहा.

"आई, लोक हसतात आपल्याला! शेवटी ती राजवाड्याची भिंत हलते, तू हाताने धरतेस आणि वर म्हणतेस की भूकंप झाला. शोभतं का हे?"

नात म्हणाली, "बाबा, भिंत तर अगदी शेवटी हलते. तुम्ही मध्यंतरात गेला होतात ना?"

"पहिल्यांदा गेलो होतो," मुलगा म्हणाला.

सुनेने विचारले, "म्हणजे किती वेळा पाहिलात हो?"

त्याने खिशातला रुमाल काढून यानाचे रेग्झिन पुसले, आणि म्हणाला, "दुसऱ्या सिनेमाला चंद्र लागणार असेल, तर माझ्याकडे राखाडी फरश्या पडून आहेत."

कलम ५, आत्ताच वाढवलेले. चंद्रासाठी मुलाच्या फरश्या घ्याव्यात. त्याला एक भूमिकाही द्यावी, बिनसंवादाची. भिंत मात्र हललीच पाहिजे. ती कोणी पक्की केल्यास त्याचा वाटा रद्द.

कलम ६. माझ्यामागे रडण्याचा कार्यक्रम ठेवू नये. सिनेमा लावावा. मधला भाग पुढे पळवला तरी चालेल.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी दोनदा हसले. बाकी सर्व बरोबर आहे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा : सम्राज्ञी

लेखन : वकीलसाहेब (सुधारणा न करता)

साक्षीदार :
१. डॉक्टरीणबाई
२. थिएटरच्या दारावर तिकिटे फाडणारे गृहस्थ. (सुतारालाही सही करायची होती, पण कात्री मिळणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही. तो बाहेर रुसून बसला आहे.)

ठिकाण : मागची खोली, यानातील डावी खुर्ची

दिनांक : शिक्क्यावर आहे तो. वेळ सकाळची, भंगारवाला नव्या यानासाठी वॉशिंग मशीनचे दोन जुने ड्रम उतरवून रिकाम्या टेम्पोने परत गेल्यानंतरची.