चार बोटांची दुमड

बारामती
६ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
योगिनीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुझे जावई समाधान नोकरीसाठी रोज इंदापूरला येतात, गाठोडं पोचवतात म्हणून बरं. तुला ऐकू येत नाही म्हणून फोन नको, मोबाइलवरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात म्हणून तेही नको. शिवणाच्या गाठोड्यातून पत्रं पाठवणारी तूच एक उरलीस, असं मैत्रिणी मला हसतात. हसू देत. मला दर आठवड्याला पत्र येतं, त्यांना येत नाही.

गौरी-गणपतीचे ब्लाउज वेळेवर गेले. मी मशीनवर कितीही सफाईनं शिवलं तरी गिऱ्हाईक बाई ब्लाउज उलटा करून तुझी तुरपाईच बघते. परवा एक बाई विचारत होत्या की टाका तर कुठे दिसत नाही, मग हे कापड धरून कशानं राहिलंय. मी सांगितलं, माझ्या आत्याच्या हट्टानं.

आता तक्रार. सांगवीच्या छबूबाईंच्या ब्लाउजची उजवी बाही तू चांगली सैल करून पाठवलीस, डावी मात्र नेमकी. आणि माझ्या सासऱ्यांचा सदरा फक्त बटणं लावायला दिला होता, तो दोन्ही कडांनी आत घेतलास. आबा म्हणाले, सूनबाई, ह्यो सदरा माजा न्हाय, कुण्या पोराचा हाय. एकदा चष्म्याचा नंबर तपासून घे बाई.

सोबत श्रेयाचा फ्रॉक आहे. वीस ऑक्टोबरला ती आठ वर्षांची होईल. पिवळं सुती कापड तिनंच निवडलं. मशीनचं काम झालंय. गळा, काजं आणि खालची दुमड तुझी. आपल्या घरच्या पद्धतीप्रमाणे घेराला चार बोटं माया सोडली आहे, खडूची रेघ बघ. ती आत दुमडायची आणि पोर वाढेल तशी दरवर्षी एक बोट उसवून फ्रॉक लांब करायचा, हे श्रेयाला समजावलं. एकच फ्रॉक चार वर्षं घालायचा, हे काही तिला पटलेलं नाही.

लोभ आहेच, त्यात काटकसर करू नकोस.

तुझी,
योगिनी

•

इंदापूर
१४ सप्टेंबर २०२४

चि. सौ. योगिनीस,
अनेक आशीर्वाद.

माझा चष्मा ठीक आहे. तुझीच वही तपास. वहीतलं माप ज्या दिवशी घेतलं त्या दिवसापुरतं असतं. कापड मांडीवर घेतलं की हात जातो तिकडे जातो, मी त्याला अडवत नाही. छबूबाईला म्हणावं, ब्लाउज परत करू नकोस, ठेव.

तुझ्या मशीनचा मला राग नाही. पण मशीन कापडाला पळवतं. हातात कापड बसतं. एकेक टाका घालताना ते हळूहळू ऊबदार होतं, वळायला लागतं, कुठे ताणलंय आणि कुठे सैल आहे ते बोटांना समजतं. मेणावरून ओढलेला दोरा, बोटावर अंगुस्तान, दारातून येणारा उजेड, एवढं असलं की मला दुपारची भाकरीसुद्धा आठवत नाही. उलटी बाजू सुलटीइतकी नीट झाली की तिच्यावरून हात फिरवावासा वाटतो. कोणी बघो न बघो, अंगाला तीच बाजू लागते.

एक सांगते, हसू नकोस. परवा गौरी-विसर्जनाचे ढोल दारावरून गेले. मला जमीन हादरलेली कळली, आवाज काही आला नाही. पण कापडातून दोरा जातो ना, तो मला ऐकू येतो. अगदी स्पष्ट. पुढच्या खोलीत साक्षी नावाची नर्सिंगची मुलगी भाड्यानं राहते, तिला सांगितलं तर ती माझी नाडीच बघायला लागली.

फ्रॉक झाला. सकाळी हातात घेतला तो दुपारी हातावेगळा झाला. मधलं काही आठवत नाही, इतका हात रमला होता. श्रेयाला पापा. जावईबापूंना म्हणावं, दारातून परत जात जाऊ नका, चहा घेत जा.

आहे तेवढा जीव लावून राहा.

तुझी,
आत्या

•

बारामती
२२ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आधी बातमी देते. छबूबाई गोठ्यात घसरून पडल्या. उजवा हात मोडला, दंडापर्यंत प्लास्टर आहे. त्यांची सून कपडे शिवायला आली होती, ती म्हणाली की ताई, आत्तीच्या प्लास्टरवरनं त्यो तुमचा एकच ब्लाउज जातोय. आणि आबांना साखर निघाली. महिन्याभरात इतके उतरले की सगळे कपडे लोंबतात. काल मी वडगावला सासरी गेले, तर आबांच्या अंगात तोच सदरा. दोन्ही कडांनी नेमका बसलाय.

परतताना बसमध्ये मला आधी हसू आलं. मग अंगावर काटा आला. घरी आल्या आल्या श्रेयाचा फ्रॉक उलटा केला.

आत्या, त्याला दुमडच नाही. चार बोटं कापड कुठे गेलं? रेघेवर सरळ कापलंय आणि कड सुतासारखी बारीक वळून तुरपलीये. काम इतकं सुंदर आहे की पाहवत नाही. त्यात वाढायला जागा नाही, बोटभरसुद्धा. तू आजवर एकाही पोराचा कपडा असा शिवलेला नाहीस. आणि मी मूर्ख, न बघता तिला परवा दुपारभर घालू दिला. काल काढून घेतला तर ती रडली.

समाधान म्हणतात, आत्यांची नजर चुकली असेल. तूही तसंच लिही. मी विश्वास ठेवीन.

तुझ्या पत्राकडे डोळे आहेत, लोभ तर आहेच.

योगिनी

•

इंदापूर
२४ सप्टेंबर २०२४

चि. योगिनीस,
आशीर्वाद.

तुला तसं लिहावं म्हणून दोनदा कागद घेतला. जमलं नाही.

चिंध्यांच्या पिशवीत पट्टी सापडली. पिवळी, चार बोटं रुंद, घेराएवढी लांब. कातर कधी उचलली ते मला आठवत नाही. पण काप माझाच आहे, दुसऱ्या कुणाचा इतका सरळ येत नाही.

आता जे लिहिते ते तुझ्या वडिलांनासुद्धा, माझा सख्खा भाऊ असून, मी सांगितलं नव्हतं. माझा लेक भीमा सतरा वर्षांचा असताना त्याला मी सदरा शिवला होता. उंच होत होता, म्हणून बाह्यांना आणि खाली नेहमीसारखी माया सोडून कापलं. तो सदरा घातल्यापासून बाराव्या दिवशी तो धरणाच्या पाण्यात पोहायला गेला, तो आलाच नाही. सदरा काठावर काढून ठेवला होता. घरी आणून घडी घालताना पाहिलं, तर आत दुमड नव्हती. बाह्यांनाही नाही. कापड कमी पडलं असेल असं मी चौतीस वर्षं स्वतःला सांगत आले. कापड कमी नव्हतं.

हाताला आधी कळतं, की हात करतो म्हणून तसं होतं, हे मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. तेव्हा मी उशिरा पाहिलं. तू वेळेवर पाहिलंस.

फ्रॉक परत पाठव. तू उसवू नकोस, ज्याची शिवण त्यानंच उसवायची. मशीनखाली तर अजिबात घालू नकोस. आणि पोरीच्या अंगाला लावू नकोस.

माझ्यावरचा लोभ आटला तरी फ्रॉक पाठव.

आत्या

•

बारामती
२८ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
नमस्कार.

श्रेयाला गुरुवारपासून ताप आहे. डेंग्यू निघाला. दवाखान्यातच आहोत, प्लेटलेट रोज खाली जाताहेत. डॉक्टर म्हणतात, अजून दोन दिवस बघू. ती नुसती छताकडे बघते.

तुझं पत्र आलं आणि तू नको म्हणालीस तेच मी केलं. घरी जाऊन फ्रॉकला मशीनवर पट्टी जोडायला बसले. सुई मोडली. दुसरी लावली, तीही मोडली. तिसरीचा तुकडा उडून गालाला लागला. तेव्हा उठले.

समाधान फ्रॉक घेऊन आज खास येताहेत. ते काही विचारणार नाहीत, तुझ्या पत्रातलं त्यांना मी काही सांगितलेलं नाही. आत्या, तुझ्या हातानं जे केलं ते तुझ्या हातानं मोड. मला तुझा राग आला होता, तोही भर दुपारी, दवाखान्यात सगळ्यांसमोर. आता रागही उरला नाही. मला माझी पोर पाहिजे, बास.

योगिनी

•

इंदापूर
२९ सप्टेंबर २०२४

चि. योगिनीस,
खूप आशीर्वाद.

फ्रॉक जावईबापूंच्या हाती परत देते आहे. काय केलं ते लिहिते, म्हणजे तुला शंका राहणार नाही.

कड उसवली. ती निघाली. मग कापलेली पिवळी पट्टीच परत जोडायला घेतली. मेण लावलेला दोरा तीनदा तुटला. टाका घातला की सुटायचा. आणि दोरा जाताना आवाज नव्हता. चौथ्यांदा सुई खाली ठेवली आणि विचार केला. जे एकदा कापलं ते परत लागत नाही. कापड दुसरीकडून आणायला हवं, जिथे जागा शिल्लक आहे तिथून.

दिवाळीसाठी मी स्वतःला जांभळं पोलकं शिवलं होतं. त्याला मी सवयीनं दोन्ही बाजूंना आणि खाली माया ठेवली होती. साक्षी खुणा करून हसली होती की आजी, चौऱ्याहत्तराव्या वर्षी कुठं वाढायचंय. ती माया मी काढली. तुकडे जोडून पट्टी केली. ती फ्रॉकला लावताना पहिल्या टाक्यालाच दोरा ऐकू आला. पूर्ण घेर होईपर्यंत ऐकू येत होता. इतकं गोड काम मी आयुष्यात केलं नाही.

दुमड आतून जांभळी आहे, बाहेरून दिसत नाही. आज पोरीच्या उशाखाली ठेव. बरी झाली की घालू दे. वर्षभर उसवू नकोस.

पोलकं आता मला नेमकं बसतं. म्हातारीला तेवढं पुरे. माझ्यावर चिडायचं असेल तर श्रेया खेळायला लागल्यावर चिड.

लोभ ठेव, मी ठेवलाच आहे.

आत्या

•

बारामती
४ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सोमवारी दुपारी ताप उतरला. संध्याकाळच्या तपासणीत आकडा वर गेला, दुसऱ्या दिवशी आणखी वर. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. परवा घरी आणलं. आज तिनं दोन वाट्या वरणभात खाल्ला आणि फ्रॉक घालून आरशासमोर उभी राहिली. आतला जांभळा रंग तिला फार आवडलाय, मैत्रिणींना उलटून दाखवते.

मी लहान नाही, आत्या. तू काय केलंस ते मला कळलं. दसरा झाला की रविवारी, तेरा तारखेला, मी येते. माझ्या लग्नातल्या शालूचं कापड आणते. तुझ्या पोलक्याला दोन्ही बाजूंनी जोडू. हातानं शिवीन, तू शिकवलेलं मी विसरले नाही. माझ्याकडे जागा भरपूर आहे, त्यातली घे. तोवर ते पोलकं अंगात घालू नकोस. हात जोडून सांगते.

नऊच दिवस. लोभ असा एकटीनं करायचा नसतो.

तुझी,
योगिनी

•

इंदापूर
२६ ऑक्टोबर २०२४

आदरणीय योगिनीताईंस,
साक्षीचा सप्रेम नमस्कार.

आजींच्या तेराव्याला गर्दी होती, तुमच्याशी बोलता आलं नाही. आजींबरोबर राहून मलाही पत्राची सवय लागली, म्हणून लिहिते.

तुमचं शेवटचं पत्र त्यांनी वाचलं होतं. दोनदा वाचलं, हसल्या, घडी करून पोलक्यात ठेवलं. दहा तारखेला, गुरुवारी दुपारी, न्हाऊन ते जांभळं पोलकं घातलं. मी खुणेनं म्हटलं, दिवाळीला घालणार होतात ना. तर म्हणाल्या, बाय, योगिनी रविवारी यायची हाय, त्याच्या आत घातलेलं बरं. नंतर दारात उजेडाला बसल्या. मी चहा घेऊन गेले तेव्हा तशाच बसलेल्या होत्या, सुई बोटांत होती. त्याच संध्याकाळी तुम्ही आलात, त्यांच्या अंगातल्या पोलक्याची बाजूची शिवण उलटून पाहिलीत आणि एकदम बाहेर निघून गेलात. का ते मला तेव्हा कळलं नाही, अजूनही नीट कळलेलं नाही.

काल खोली आवरताना ट्रंकेत एक गाठोडं सापडलं. वर तुमचं नाव होतं, म्हणून समाधानदादांबरोबर पाठवते. मी उघडून पाहिलं, माफ करा. सगळे हातानं शिवलेले कपडे आहेत, मशीनची एक टीप नाही. फ्रॉक परत दिल्यानंतर अकराच दिवस त्या होत्या. एवढं काम अकरा दिवसांत होत नाही, ताई. मी रोज समोर होते. त्या दिवसभर शिवत असायच्या, पण इतकं कधी झालं ते मला सांगता येणार नाही.

दोन फ्रॉक आहेत, एक जरा मोठा, एक आणखी मोठा. कॉलेजच्या मुलीच्या मापाचा कुडता आहे. एक ब्लाउज पोटाशी खूप सैल आहे, आम्ही वॉर्डात बायकांना सातव्या-आठव्या महिन्यात घालायला सांगतो तसा.

सगळ्यात खाली एक पोलकं आहे. त्याची पाठ लांब आणि पुढची बाजू आखूड आहे, एक खांदा उतरता, बाह्या बारीक. बाक आलेल्या, ऐंशीच्या पुढच्या बाईचं ते माप आहे. आधी वाटलं, आजींचंच असेल. पण ही बाई त्यांच्यापेक्षा चांगली वीतभर उंच आहे, आणि आतून गळ्यापाशी दोऱ्यानं श्रेयाचं नाव घातलंय.

दुमड मी बोटांनी मोजून पाहिली. त्यालासुद्धा चार बोटं आहेत.

आजींचा होता तसा माझ्यावरही थोडा लोभ राहू द्या.

आपली,
साक्षी