‘मरून राहिला’ या शब्दांवरून मयत ठरलेल्या अर्जदारास हयात धरण्याबाबत

प्रति,
मा. कार्यक्रम अधिकारी साहेब,
‘उभ्या उभ्या हशा’ मालिका विभाग,
विदर्भ चित्रवाणी कार्यालय, नागपूर.

अर्जदार : देवाजी कवडूजी हेडाऊ, वय ४७, मूळ उमरेड, हल्ली लकडगंज, नागपूर. धंदा : पूर्वी विणकाम, हल्ली लाकडाच्या टालावर नोकरी.

विषय : मुलीच्या संमतीपत्रावर हयात पित्याची सही स्वीकारणेबाबत.
संदर्भ : आपले दि. ३ एप्रिलचे पत्र, ‘मयताची सही ग्राह्य नाही’.

महोदय,

१. अर्जदार सविनय सादर करतो की, त्याची कन्या कु. सुमती, वय १५, आपल्या मालिकेत एकटीने उभी राहून विनोद सांगते. बारा मुलामुलींतून ती अंतिम फेरीस पोचली असून तिचे चित्रीकरण शनिवार, दि. १९ रोजी आहे. उमरेडचा माग बंद पडल्यापासून अर्जदाराच्या घरात एवढी आनंदाची गोष्ट झालेली नाही.

२. दि. २९ मार्चच्या भागात ती म्हणाली, “लाइट गेली, पंखा बंद, माहा बाप गरमीनं मरून राहिला. माय म्हणते, मरून राहिले त मरा, पण अगुदर नळावरून पाणी आणा!” प्रेक्षक हसले. टालमालकाच्या टीव्हीसमोर अर्जदारही हसला. आपण पुण्याहून नुकतेच बदलून आलेले. ‘मरून राहिला’ म्हणजे मरून तसाच पडून राहिला, आणि पाणी म्हणजे अखेरचे पाणी, असा आपला समज झाला. इकडे ‘मी जेवून राहिलो’ म्हणणारा माणूस अजून ताटावरच असतो. त्याच न्यायाने अर्जदार मरत होता, मेला नव्हता. खरे म्हणजे मरतही नव्हता, नुसते उकडत होते.

३. आपण मोठ्या मनाने पुढील भागाआधी दुखवट्याची पाटी दाखविली. ती पाहून शाळेने दोन मिनिटे स्तब्धता पाळली. अर्जदार त्या वेळी मुलीचा विसरलेला डबा घेऊन तेथे गेला होता, तोही टोपी काढून उभा राहिला. कोणासाठी, हे मागाहून कळले. उमरेडहून बहीण रंभाबाई पहिल्या बसने रडत आली. दार अर्जदारानेच उघडले, तेव्हा ती संतापून म्हणाली, “मेला नाही त तसं तरी कळवाचं होतं ना गा!” ती अद्याप आमच्याकडेच आहे.

४. मंगळवारी अर्जदार जातीने आपल्या कार्यालयात हजर झाला. तेथील बाबू म्हणाले, “तुम्ही जिते दिसून राहिले हे मले मान्य आहे जी, पण फाइलीत तसं काही नाही.” त्यांनी संमतीपत्रातील ‘विधवा मातेची सही’ हा रकाना दाखविला. घरी अर्जदाराची पत्नी सौ. रुख्माबाई म्हणाली, “कपाळी कुंकू असून मी विधवेच्या रकान्यात अंगठा काहून देऊ?”

५. येथवर अर्जदाराने सारे निमूट सोसले. परंतु आपल्या बोलण्याने बाप मेला, या धसक्याने मुलगी आता घरात पुस्तकी बोलू लागली आहे. “बाबा जेवत आहेत.” “आई पाणी भरत आहे.” काल तिने नवे विनोद आम्हा तिघांना म्हणून दाखविले. एकही शब्द चुकला नाही आणि कोणीही हसले नाही. ती भिंतीकडे तोंड करून बसली. स्वतःच्या मरणाने अर्जदारास जे वाटले नाही, ते त्या वेळी वाटले.

६. सबब विनंती की, अर्जदाराची सही स्वीकारावी. नियमात बसत नसल्यास अर्जदारास शनिवारपर्यंत मयतच ठेवावे, त्याची तक्रार नाही. पुढे सवडीने जिवंत करावे. मात्र मुलीस तिच्याच बोलीत बोलण्याची लेखी मुभा द्यावी. काल ते विनोद ऐकून रुख्माबाई उठली व तिने आपल्या परीने संमती दिली. ती सोबत जोडली आहे.

आपला, हे लिहून राहिलेला,
देवाजी कवडूजी हेडाऊ
नागपूर, दि. १२ एप्रिल १९८६

सोबत :
(१) रेशनकार्डाची नक्कल, अर्जदाराच्या नावासह.
(२) डॉक्टरांचा दाखला : ‘नाडी चालू आहे.’
(३) संमतीपत्र. विधवेच्या रकान्यात सौ. रुख्माबाईचा अंगठा, शाईऐवजी कुंकवाचा.