माझी चढलेली साखर आणि मारुस्याचा संशय

तीर्थस्वरूप तेक्ल्याताईस,

डॉफिन गावाहून धाकट्या ओरेस्तचा नमस्कार. तुझी आणि तुझ्या कोंबड्यांची प्रकृती ठीक असेल. (उत्तरात आधी स्वतःचं लिही. कोंबड्यांपासून सुरुवात केलीस की तुझ्यासाठी कागद उरत नाही.)

ताई, तुझा भाऊ निर्दोष सुटला! हे आधीच सांगतो, कारण तुझ्या भावजयीनं, मारुस्यानं, फोनवर माझी बदनामी केली असणारच.

नात ओक्सानाचं लग्न तोंडावर आणि माझे दोन्ही खांदे आखडलेले. अकॉर्डियन मी नाही तर कोण वाजवणार? (गावात आणखी एकजण वाजवतो, पण त्याला वाजवणं म्हणायचं का?) डॉक्टर फोंटेनबाईंनी स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. साखरेवर लक्ष ठेवा असंही त्या म्हणाल्या, पण मी खांदे मोकळे झाल्याच्या आनंदात. मग तहान लागायला लागली, बादलीभर पाणी पुरेना. साखर तपासली तर आमच्या यंत्राच्या मापात माझी नेहमी सातच्या आसपास राहणारी, पथ्यानं जपलेली साखर एकोणिसावर!

मारुस्यानं आधी यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुठे खाल्लंस?"

"देवाशपथ, काही नाही."

"तोंड उघड."

सत्तरीला टेकलेल्या माणसाला, ताई! चर्चच्या जेवणात तर बायकांनी माझ्यापुढची, बटाटा भरलेल्या पिरोगींची ताटली उचलून नेली. मी ताठ मानेनं कोबी खाल्ला.

शेवटी फोंटेनबाईंनी निकाल दिला, "यांनी चोरून काही खाल्लेलं नाही. स्टेरॉइडनं साखर चढते." मी मारुस्याकडे असं पाहिलं म्हणून सांगू! आणि बाणेदारपणे म्हणालो, "मग त्या गोळ्या बंद."

"एकदम बंद करायच्या नाहीत. हळूहळू कमी करू," बाई म्हणाल्या आणि तोवर माझी साखरेवरची गोळी वाढवली. त्या गोळीनं पोटात असा धुमाकूळ घातला की प्रार्थना अर्धी टाकून मला बाहेर पळावं लागलं. (फादरना वाटलं, प्रवचन झोंबलं.) पुन्हा बाईंकडे. त्या म्हणाल्या, "खांदे, साखर आणि पोट, तिन्ही सांभाळायचंय. तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं काय?"

"अकॉर्डियन," मी म्हणालो.

"मला हा माणूस," मारुस्या म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली.

बाईंनी साखरेसाठी जेवणासोबत घ्यायची, पोटात सावकाश विरघळणारी गोळी दिली. पोट निवलं, स्टेरॉइड कमी होत गेलं, साखर उतरली. लग्नात मी असा वाजवला की म्हातारेसुद्धा खुर्च्या सोडून नाचले. आणि मारुस्या सभागृहभर ओरडून सांगत होती, "तो वाजवतोय ना, तो माझा नवरा! साखर आठ!"

तुझा अभिमानी भाऊ,
ओरेस्त

ता. क. तुझ्या दम्यासाठी स्टेरॉइडची गोळी सुरू झालीय आणि हल्ली तू पाण्याचा जग उशाशी घेऊन झोपतेस, असं तुझा लेक म्हणाला. ताई, उद्याच साखर तपासून घे. एवढंच लिहायला बसलो होतो, बढाया आपोआप आल्या.

आणखी एक. गोळी आपल्या मनानं सोडू नकोस. बाईंनी बजावूनही मी एकदा सोडली होती. दुसऱ्या दिवशी पलंगावरून उठवेना. मारुस्यानं मला उठवलं, कपडे चढवले आणि तसंच बाईंकडे नेलं. वाटेत ती जे बोलली ते मोठ्या बहिणीला लिहिण्यासारखं नाही.