मायाच्या गाडीचा एसी

९ एप्रिल
जतहून बिराप्पा गाडी घेऊन माझ्या गॅरेजवर आला. मागच्या सीटवर त्याची सहा वर्षांची माया, अंगावर ओला टॉवेल. मला वाटलं, ताप. "ताप न्हाई आक्का, हिला घामच येत न्हाई. जल्मापास्नं. ऊन लागलं की अंग तापतंय, फीट येती." गाडीच्या एसीत दुसरीकडं दोनदा गॅस भरलाय, दोन्ही वेळा महिन्याभरात वारा गरम. गळती कुणी शोधलीच नाही. गॅस म्हणजे काय पेट्रोल आहे, वापरून संपायला? मी शोधणार.

१० एप्रिल
सापडली. पुढच्या जाळीमागं कंडेन्सरला खडा लागून भोक पडलेलं. साबणाचं पाणी लावताच बुडबुडे. बदलला. मायानं टॉवेल काढून माझ्याच हातात दिला. माझे सासरे तात्या नुसतं "हं" म्हणाले. फौजेत जन्मभर गाड्या दुरुस्त केलेल्या माणसाची ही शाबासकी.

२९ एप्रिल
बिराप्पाचा फोन. वारा पुन्हा कोमट. कवठेमहांकाळच्या पुढं माया तापली, रसवंतीवरचा बर्फ लावत घरी नेली. दिवसभर कामात लक्ष नाही.

३० एप्रिल
गाडी परत आली. एसीच्या पाइपांत प्रेशर भरून थांबले. गेजचा काटा हळूहळू खाली. पाइप कोरडे, कॉम्प्रेसर कोरडा. एसीचं पाणी खाली सोडणारी नळी मात्र बोटाला तेलकट. गॅसबरोबर तेलही झिरपतं, म्हणजे गळती डॅशबोर्डच्या आतल्या कॉइलला.
तात्या : "अख्खा डॅशबोर्ड खोलाय लागंल. मग जन्मभर खडखड. गॅस भर आन् दे."
"खडखडीनं पोरीला फीट येत नाही," म्हटलं. थोड्या वेळानं तात्या स्वतःच पाने घेऊन आले.

२ मे
दीड दिवस लागला. कॉइलला सुईच्या टोकाएवढं भोक. नवी बसवली, सांध्यांच्या रबरी ओ-रिंगाही सगळ्या नव्या. सहा तास प्रेशर धरलं. काटा जागचा हलला नाही. खडखडही नाही!
बिराप्पाला सांगून टाकलं : पहिल्या खेपेला एक भोक सापडलं आणि मी थांबले. चूक माझी. तो म्हणाला, "आवं, चुकलं म्हननाऱ्या तुमीच पयल्या भेटलासा."

८ मे
बिराप्पाच्या भावाचं लग्न, साताऱ्यात. भाऊ फौजेतून सुट्टीवर आलाय. मायाचा जायचा हट्ट. डॉक्टर म्हणाले, गाडी गार असेल तर न्या. "न्हेऊ का, आक्का?"
ने, म्हटलं. क्षणभरही थांबले नाही. नंतर हात धुऊन प्रेशरचे लिहून ठेवलेले आकडे पुन्हा पाहिले.

१४ मे
सकाळी दहाला बिराप्पा आणि माया इथं थांबून लग्नाला पुढं गेले. गेज लावून पाहिलं, बरोबर. आत गार वाऱ्याच्या झरोक्यापाशी थर्मामीटर धरला, सहा अंश. डिकीत बर्फाचा डबा ठेवायला लावला. कामावर भरवसा नाही म्हणून नव्हे. माया नव्या परकरात, काच खाली करत होती. बापानं ओरडून वर करायला लावली.
कराडला पोचलास की फोन कर, म्हटलं होतं. पावणेबारा झाले, फोन नाही. कराड मागं पडलं असेल. बाहेर पत्रा नुसता तापलाय. काम पक्कं केलंय, मला ठाऊक आहे.
आपणच लावावा का? पण गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हेही मीच बजावलंय.