चिकटलेलं पोट

३ मार्च
निर्णय पक्का. पोट लहान करण्याचं ऑपरेशन. वजन १३८, पण खरं कारण ब्रेक. मी ड्रायव्हिंग शिकवतो. माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो. पोट मावावं म्हणून सीट मागे नेत नेत आज पाय पोचलाच नाही. गाडी कचराकुंडीवर. शिकणाऱ्या रिटायर्ड मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, सर, तुम्ही ब्रेक का नाही लावलात? म्हटलं, तुम्हाला स्वतः जमावं म्हणून.

६ मार्च
सर्जनकडे. अकरा वर्षांपूर्वी अल्सर फुटला होता, तेव्हा पोट उभं फाडलं होतं. त्या व्रणावर बोट फिरवून म्हणाले, आत आतडी, चरबी, लिव्हर सगळं एकमेकांना चिकटलेलं असणार. आधी ते सोडवायचं, मग पुढचं. दुर्बिणीतून नाही जमलं तर पोट उघडावं लागेल, नाहीतर तसंच परत फिरायचं. हिने वहीत लिहून घेतलं. मी निर्धास्त. माझ्यात चिकाटी नाही हे शाळेपासून सासऱ्यांपर्यंत सगळे सांगत आलेत. आतडी कुठून चिकटणार?
लिव्हर आकसावं म्हणून चौदा दिवस फक्त पातळ. सोपं आहे.

९ मार्च
दिवस पहिला. सूप. चेहरा उतरल्यासारखा दिसतो. मुलगी म्हणाली, बाबा, दाढी केलीत म्हणून.

१२ मार्च
दुधात विरघळलेलं बिस्किट हे पातळच. सहा घेतली. पुढची तीन कोरडी, दूध संपलं म्हणून.

१५ मार्च
वजन १३८.४. फरशी तिरकी आहे. हिने विचारलं, पाळताय ना? शंभर टक्के, म्हटलं. उद्यापासून कडक.

१९ मार्च
कागदपत्रं काढायला मुख्याध्यापिका बाईंनी गाडीतला कप्पा उघडला. चिप्सची चार पाकिटं मांडीवर. ऑपरेशन कधी, विचारलं. म्हटलं, चार दिवसांनी. त्यांनी पाकिटं एकेक करून परत ठेवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२३ मार्च, सकाळी ६.१०
अंगठी साबण लावून काढली. ती हिच्या मुठीत. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, डाएट नीट झालं? हो, म्हटलं. मग वाटलं, आता तरी खरं सांगावं. तोंड उघडलं. त्या म्हणाल्या, छान, असंच उघडं ठेवा, घसा बघायचाय. बघून झाल्यावर गेल्या.

२४ मार्च
पोटावर पाच भोकं. सर्जन आले आणि खुर्ची ओढून बसले. चिकटलेलं सोडवायलाच अडीच तास गेले, म्हणाले. पण लिव्हर एवढं फुगलेलं की जठर दिसेना. उचलताना रक्त यायला लागलं. पोट उघडणं जास्त धोक्याचं, म्हणून थांबलो.
म्हणजे काहीच नाही केलंत?
जीव सांभाळला, म्हणाले. तीन महिन्यांनी बघू. डाएट पाळलं होतं ना?
ही म्हणाली, हो डॉक्टर. माझ्याकडे न बघता.

२ एप्रिल
घरी. शेजारी भेटून गेले. म्हणाले, अर्धे झालात! मी थँक्यू म्हणालो.
ते गेल्यावर हिला सांगितलं, मी पाळलं नव्हतं.
माहीत आहे, म्हणाली. घरातला कचरा मीच टाकते.
मग डॉक्टरांना हो का म्हणालीस?
चादर सारखी करू लागली. म्हणाली, नाकात नळी घालून पडला होतात. त्यात आणखी काय बोलायचं?
पुन्हा नेटाने करतो, असं म्हणणार होतो. तेवढ्यात ही म्हणाली, उठा, पडून पडून पाठ धरेल. मी दोन्ही हात पुढे केले. तिने ओढलं. मी हललो नाही. पुन्हा ओढलं, धाप लागली, कॉटच्या कडेला बसली.
मग मुलीला हाक मारली.