कोपर बरगडीला

आये, काल मी कॅमेरा घेतला. ऐकलंस तर म्हणशील, हिला म्हातारचळ लागला. लागला असेल, पण आधी ऐकून तर घे. वर्ष झालं, माझा उजवा हात हलतो. बशीत कप खुळखुळतो म्हणून पाहुण्यांना चहा नेऊन देणं मी बंद केलंय, आणि सुईत दोरा शेजारीण ओवून देते. पुण्याला असलेली लेक म्हणते, रोज एक फोटो पाठव, अंगणातलं काहीही चालेल, तेवढंच मला घरी आल्यासारखं वाटतं. पण फोनच्या काचेवर बोट टेकवेपर्यंत एका जास्वंदीच्या दोन झालेल्या असतात. डॉक्टरांनी विचारलं होतं, हा कंप पुष्कळदा घराण्यात असतो, तुमच्याकडे कुणाला होता का? मी ठणकावून सांगितलं, छे, माझ्या आईचा हात म्हणजे कातळ. अख्ख्या वाडीचे काटे काढायची ती.

खोटं नव्हतं ते. पावस गावच्या आपल्या घराच्या पडवीत बसलेली तू मला अजून दिसतेस. कुणी करवंदाच्या जाळीतून लंगडत आलेलं असतं, कुणाच्या तळव्यात खडकावरची कालवं काढताना शिंपेची कपची घुसलेली असते. तू त्यांचा पाय मांडीवर घेतेस, बांगडीला अडकवलेली पिन चुलीत तापवून आणतेस. मग उजवं कोपर बरगडीला घट्ट लावतेस, मनगट त्यांच्याच घोट्यावर टेकतेस आणि म्हणतेस, "आता श्वास धर. तुझा पण नि माझा पण." बोटीवर नोकरी करणारे, दरवाजात न मावणारे शेजारचे काकासुद्धा गपगुमान श्वास धरून बसायचे. माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला तेव्हा मी आकांत मांडला होता. तू पिन खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "रडतंस कशाला गो? काट्यापेक्षा तुझा आवाज मोठा! आधी तो काढू काय?" रडता रडता मला हसू फुटलं आणि तेवढ्यात काटा बाहेर.

तर दुकान. दुकानदार भला माणूस. "ओ काकी, फोन असताना ह्याच्यात पैसे कशाला घालताय?" म्हणाला. मी म्हटलं, मला दाबलं की दाबल्याचं कळणारं बटण हवंय, आणि वापरायला सोपं हवंय. हसला, पण आतून तीन कॅमेरे घेऊन आला. पहिल्याची लेन्स एवढी लांब की ती धरायला वेगळा माणूस ठेवावा लागला असता. दुसरा साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. तिसरा जरा जाडसर, बोटांना धरायला पुढे उंचवटा, आणि पाठीवर फुलाचं चित्र असलेलं बटण. ते दाबलं की अगदी जवळची वस्तू स्पष्ट येते. "रोजच्याला हाच बरा. बाकीचं त्याचं तो बघतो," तो म्हणाला. त्याच्या देवाच्या तसबिरीला अबोलीचा गजरा होता, त्यातल्या एका फुलावर मी कॅमेरा धरला. फोटोत आली नुसती नारिंगी चटणी. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. तो हळूच म्हणाला, "राहू दे काकी, मुलगी येईल तेव्हा तिला काढायला सांगा." मला रडूच आलं गं. चहा गेला, सुई गेली, आता लेकीला दाखवायचं एक फूलही माझ्या हातून जाणार असं वाटलं. कॅमेरा खाली ठेवायला म्हणून मी वळले, आणि काय झालं कोण जाणे, कोपर आपसूक बरगडीला गेलं. मनगट काउंटरच्या कडेला टेकलं. मी श्वास धरला आणि बटण दाबलं. पाकळीवरची शीर न् शीर आली होती, आत शिरलेली मुंगीसुद्धा.

आणि तिथेच, काउंटरशी उभ्या उभ्या, मला उमगलं. कातळाला टेकू लागत नाही, आये. कपबशी तू कधी उचललीस? पाहुणे आले की मला पुढे करायचीस. समईत तेल मी घालायचं, दोरा मी ओवायचा. "तुझा हात चांगला हाय गो," म्हणायचीस आणि मी फुशारून जायची. मला वाटायचं, तू मला वळण लावतेस. तुझा हात हलायचा. तो हलणारा हात घेऊन तू लोकांच्या तळव्यातले काटे काढलेस, कुणाला ओरखडासुद्धा न येऊ देता. आणि ते कसं करायचं हे एक शब्द न बोलता मला शिकवून ठेवलंस. तुझे उपकार मानायला मला एवढी वर्षं लागली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून अक्षर हललं तरी चालेल. पुढच्या खेपेला डॉक्टरांना खरं सांगेन. लेक आली की तिला जवळ बसवून कोपर कुठे लावायचं तेही दाखवेन, कुणास ठाऊक, तिलाही कधी लागेल. दुकानदाराचं मात्र सांगायचं राहिलं. तो फोटो मोठा करून करून बघत होता. "हात असा धरायला कुठे शिकलात, काकी?" म्हणाला. मी म्हटलं, आईकडे. "फोटोग्राफर होत्या काय त्या?" तुझ्या हातात जन्मात कधी कॅमेरा आला नव्हता, आये. मी हो म्हटलं.