पातेल्यात उरलेला भात

प्रिय आई,

तू ते अन्न न्यायचं थांबवलंस ते माझ्यावर रागावून, की मला लाज वाटू नये म्हणून? तू होतीस तेव्हा विचारलं नाही. आता तुला जाऊन पंधरा दिवस झाले आणि मला उत्तर सापडत नाही. पण परवा तुझ्या तेराव्याला जे घडलं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते आहे.

पार्ल्याच्या मंगल कार्यालयात तू स्वयंपाकाला जायचीस. पंगती उठल्या की पातेल्यांत राहिलेला भात, आमटी हंड्यात भरायचीस आणि मरोळच्या वाटेवरच्या दगडखाणीतल्या झोपड्यांत नेऊन द्यायचीस. भर उन्हात, डोक्यावरून! आणि मी? कॉलेजात भुकेवर भाषण करून टाळ्या घेत होते.

एकदा एक मैत्रीण हसत म्हणाली, "तुझी आई उष्टं वाटते ना गं?" त्याच संध्याकाळी मी तुझ्यावर ओरडले. "लोकांना काम हवं आई, भीक नको! मी बी.ए. झालेय आता."

तू एवढंच म्हणालीस, "पानात वाढलेलं ते उष्टं. हे पातेल्यातलं आहे." आणि हंडा माळ्यावर टाकलास.

भांडायचंस ना गं माझ्याशी! सबंध लग्नसराई कार्यालयाची माणसं मागच्या खड्ड्यात भात पुरत होती. तू रोज बघत होतीस. मला मात्र ते तुझ्या आजारपणात, आचारी भेटायला आले तेव्हा कळलं.

तेराव्याला माणसं कमी आली. अर्धा स्वयंपाक तसाच राहिला. मामा म्हणाला, "तेराव्याचं कोण खाणार? पुरून टाक."

"खाणीवर विचारून तर येते."

"डोकं फिरलंय पोरीचं! आणखी शिकवा!"

माळ्यावरचा तुझा हंडा काढून भरला, खाणीवर नेला आणि तिथल्या सोनाबाईला सगळं सांगितलं. आई गेली, हे तिच्या तेराव्याचं आहे, चालत नसेल तर परत नेते. तिने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "बाईंचं हाय. कसं न्हाई चालणार?" आणि शेजारणींना हाका मारल्या.

जेवणं झाल्यावर तिने विचारलं, "मधीच का थांबल्या गं त्या? सराईभर वाट बघितली आम्ही."

"मी थांबवलं."

"त्या सांगायच्या, माझी पोरगी लई शिकलीया," एवढं ती म्हणाली आणि हंडा घासायला घेतला. तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं, आई.

लोकांना काम हवं, हे मला अजूनही वाटतं. पण काम मिळेपर्यंत त्यांनी जेवायचं काय, हे माझ्या भाषणात कुठेच नव्हतं.

तुला शब्द देते, कार्यालयातलं उरलेलं आता मी नेईन, पण आमटी चाखल्याशिवाय कुणाला वाढणार नाही. आंबली असेल तर तिथेच ओतून देईन.

मला शाळेत दिवसभराची कायम नोकरी मिळत होती. पण पंगती दुपारी उठतात. मी सकाळच्या वर्गांची तात्पुरती जागा मागून घेतली. काल सही करून आले. मामा माझ्याशी बोलत नाही.

तुझी,
कुसुम